दहा दिवस, रविवार सोडून

दिनकर सबनीस सरांनी कराडच्या शाळेत चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि त्या चौतीस वर्षांत 'सर, मला हा विषय आवडतो' असं म्हणणारा एकही विद्यार्थी त्यांना भेटला नाही. इतिहासाच्या मागे जोडलेला वीस मार्कांचा विषय तो. मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकत आणि पेपर देऊन बाहेर पडताना सगळं वर्गातच ठेवून जात. त्यामुळे वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, एक तिशीची बाई वही उघडून, पेनाचं टोपण दातात धरून, "काका, सेनेट आणि हाउस यांत नक्की फरक काय?" असं कळकळीने विचारायला लागली, तेव्हा सर हरखूनच गेले. विद्यार्थी एकदाचा मिळाला होता. फक्त राज्यघटना भलत्याच देशाची होती.

ही लतिका. माहेर इचलकरंजीचं, नवरा रोहन न्यू जर्सीत जन्मलेला मराठी मुलगा, अमेरिकन हवाईदलात विमानांच्या देखभालीवर. शहराबाहेर अमेरिकेचा जो भलामोठा तळ आहे तिथे त्याची नेमणूक, आणि तळापलीकडच्या खेड्यात दोघांचं बिऱ्हाड. लतिकाला आता अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचं होतं. त्याच्या मुलाखतीत तिथला कारभार कसा चालतो यावर प्रश्न विचारतात. शंभर प्रश्नांची यादी, त्यातले दहा विचारणार, सहा बरोबर यायला हवेत. रोहनला विचारलं तर तो म्हणायचा, "हे आम्ही मिडल स्कूलमध्ये शिकलो, आता कुठलं आठवायला." मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी सरांचा विषय सांगितला आणि लतिका मोदकांचं ताट तसंच हातात धरून त्यांच्यासमोर येऊन बसली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला ती यायची.

बाकीच्या दिवशी कोणी यायचं नाही.

सरांची बायको वसुधा गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. मुलगा निहार आधी स्वित्झर्लंडात होता, दोन वर्षांपूर्वी इथल्या एका संशोधन संस्थेत आला. बाबांना एकटं ठेवायचं नाही, म्हणून त्याने आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या कचेरीत, महिनोन्‌महिने खेटे घातले आणि फेब्रुवारीत सरांना घेऊन आला. यात नाव ठेवायला जागा नव्हती. मुलगा गुणी, सून कौमुदी समजूतदार, नात ईप्सिता आठ वर्षांची आणि चुणचुणीत. पण कौमुदी सव्वासातला लुडविग्सहाफेनची गाडी पकडायची, तिथे ती केमिस्ट. निहार ईप्सिताला शाळेत सोडून पुढे कामावर जायचा. आणि दार एकदा ओढलं गेलं की साडेचारपर्यंत घरात सर आणि फ्रिजचा आवाज. एकटं ठेवायचं नाही म्हणून आणलेला माणूस रोज आठ तास एकटाच बसलेला असतो, ही गंमत घरात कोणाच्या ध्यानात आली नव्हती. सरांच्या आली होती, पण ती सांगायलाही समोर माणूस लागतो.

साडेचारला ईप्सिता यायची. सर दारातच उभे असायचे. "आज शाळेत काय झालं?" असं ते विचारायचे. "निश्त्स," असं म्हणून ती दप्तर टाकायची. निश्त्स म्हणजे काही नाही. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. त्या एका शब्दाचीही सर दुपारपासून वाट पाहत असत, हे काही तिला माहीत नव्हतं.

लतिकाला शिकवायला सरांनी फळ्याऐवजी ओट्यावरचे तीन स्टीलचे डबे घेतले होते. पहिल्याच दिवशी ते त्यांनी टेबलावर ओळीने मांडले.

"हा साखरेचा डबा म्हणजे काँग्रेस. कायदे करणार. हा चहाचा म्हणजे प्रेसिडेंट. कायदे राबवणार. आणि हा पोह्यांचा, सुप्रीम कोर्ट. कायद्याचा अर्थ लावणार, आणि घटनेत बसत नसेल तर तो रद्द करणार."

"आणि यातला एखादा डोईजड झाला तर?"

"तर बाकीचे दोघं झाकण लावतात. प्रेसिडेंटला काँग्रेसचा कायदा आवडला नाही तर तो सही न करता परत पाठवतो, त्याला व्हेटो म्हणायचं. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी, म्हणजे सेनेट आणि हाउसने, दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा तोच मंजूर केला, तर प्रेसिडेंटचं काही चालत नाही. कोर्टाचे न्यायाधीश निवडतो प्रेसिडेंट, पण सेनेटने हो म्हटलं तरच ते खुर्चीत बसतात. कोणीही एकटा राजा नाही."

शिकवता शिकवता सर स्वतःच चकित व्हायचे. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सभागृहात असावं लागतं आणि तिथे मंत्री व्हायचं तर सभागृह सोडावं लागतं, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं. "मग रोजच्या रोज त्यांना प्रश्न कोण विचारणार?" असं ते लतिकालाच विचारायचे, जणू ती व्यवस्था तिनेच लावली होती. लतिका पुस्तक चाळून म्हणायची, "समित्या बोलावून घेतात, काका." तळावरच्या वर्गात तिला ते जाडजूड पुस्तक मिळालं होतं. आणि चुका सरांच्याही व्हायच्या.

"हाउसच्या मेंबरची मुदत किती?" त्यांनी एकदा स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगून टाकलं, "पाच वर्षं."

"काका, दोन."

"हो, दोन. लोकसभेची पाच. चौतीस वर्षं तोंडात बसलंय ते, निघत नाही."

एका मंगळवारी लतिकाने चहा पिताना विचारलं, "काका, तुमच्या घरात काँग्रेस कोण?"

"कौमुदी. ठराव सगळे तिचे. राबवतो निहार."

"आणि कोर्ट?"

"ईप्सिता. निकाल जर्मनमध्ये येतो आणि त्यावर अपील नाही."

"मग तुम्ही कोण?"

सरांनी जरा विचार केला. "तुझ्या पुस्तकात आहे बघ. अमेरिकेचे काही प्रदेश असे आहेत, की तिथला प्रतिनिधी हाउसमध्ये बसतो, बोलू शकतो, पण कायदा मंजूर करायची वेळ आली की त्याला मत नसतं. तो मी."

लतिका खळखळून हसली. सरही हसले. ती गेल्यावर त्यांनी दोन्ही कप विसळले, डबे जागच्या जागी ठेवले, आणि घड्याळात अजून साडेअकराच वाजले होते.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी रात्रीची जेवणं चालू असताना निहारने विषय काढला. कराडला सोमवार पेठेत पहिल्या मजल्यावर सरांच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. एकतीस वर्षं सर, वसुधा आणि निहार यांचा संसार तिथे झाला. येताना सर कुलूप लावून आले होते आणि किल्ली त्यांच्या दाढीच्या डब्यात होती. पुतण्या सिद्धांत महिन्यातून एकदा दुसऱ्या किल्लीने उघडून झाडून घ्यायचा. वर्षभर मुलाकडे राहू आणि मग आपल्या घरी परत जाऊ, असं सरांनी विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं. ठरवलं होतं मनात. बोलले कोणाशीच नव्हते.

"बाबा, नाईककाकांचा फोन होता," निहार म्हणाला. नाईक म्हणजे कराडचे घरमालक. "त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना जागा हवीये. आग्रह नाही केला त्यांनी, फक्त विचारलंय. मला वाटतं, देऊन टाकू. आता तुम्ही इथेच राहणार. काय म्हणता?"

सरांनी ताटातला शेवटचा घास संपवला. ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, नळाखाली पेला धरून पाणी भरून घेतलं आणि पेला घेऊन ते आपल्या खोलीत गेले.

हे त्यांचं 'नाही' होतं.

सरांना समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. वर्गात गर्जणारा हा माणूस घरात आणि नातलगांत नकाराची वेळ आली की पाणी घेऊन उठायचा. वसुधाने लग्नानंतर सहा महिन्यांत हे ओळखलं आणि पुढची त्रेचाळीस वर्षं ती सरांचं 'नाही' जगाला समजावून सांगत राहिली. तिच्या भावाने एकत्र दुकान काढायची गोष्ट काढली, सर पाणी घेऊन उठले, आणि वसुधा भावाला म्हणाली, "दादा, यांना नाही जमायचं." निहारने बारावीत मोटरसायकल मागितली, सर पाणी घेऊन उठले, आणि वसुधाने त्याला सांगितलं, "बाबा नाही म्हणालेत." हे सगळं इतकं सुरळीत चालायचं, की आपलं उठून जाणं सगळ्यांनाच ऐकू येतं असं सरांना वाटत राहिलं. ऐकू फक्त एकीला येत होतं. हे त्यांना वसुधा गेल्यावरही कळलं नाही, कारण ती गेल्यापासून नाही म्हणायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

तेव्हा त्या सोमवारी सर निश्चिंत झोपले. आपण नाही म्हणालो, विषय संपला.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी लतिका आली ती घाईघाईत. मुलाखतीची तारीख लागली होती, येत्या गुरुवारची. आणखीही एक बातमी होती. रोहनची बदली झाली होती, ओक्लाहोमाला. डिसेंबरात निघायचं.

"छान," सर म्हणाले. "बसा. म्हणजे, बस." तिला अहोजाहो करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते उगीचच डबे मांडायला लागले. गेले दोन महिने ते तिला पास करायच्या मागे लागले होते. ती पास झाली की यायची थांबणार, हे सरळ गणित त्यांनी मुद्दामच मांडलं नव्हतं.

"काका, एक राहिलं. बिल प्रेसिडेंटकडे गेलं. त्याने सही केली तर कायदा. परत पाठवलं तर व्हेटो. पण त्याने दोन्ही केलं नाही, नुसता गप्पच बसला तर?"

"तर ते पडून राहतं," सर म्हणाले. हा त्यांचा आवडता भाग होता. वर्गात ते तो चवीने सांगत. "घटनेत मुदतच घातलेली नाही. राष्ट्रपतींनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, की विधेयक टेबलावर धूळ खात पडतं. न बोलता दिलेला नकार आहे तो. सगळ्यात सभ्य नकार."

लतिका पुस्तकात बोट घालून बसली होती. "पण काका, इथे वेगळं लिहिलंय. दहा दिवस थांबतात, रविवार सोडून. तेवढ्यात तो काहीच बोलला नाही, तर सही नसली तरी आपोआप कायदा होतो."

"असं कसं होईल?"

"बघा ना. काँग्रेस सुटीवर गेली असेल तरच मरतं. काँग्रेस बसलेली असेल तर गप्प राहणं म्हणजे हो."

सरांनी चष्मा लावला. पुस्तक जवळ ओढलं. दोनदा वाचलं. तिचं बरोबर होतं. त्यांनी पुन्हा भारत शिकवला होता.

"मी आपल्याकडचं सांगितलं," ते म्हणाले. "तू हे लिही. दहा दिवस, रविवार सोडून."

ती लिहीत होती आणि सर टेबलाखाली बोटं मोजत होते. निहारने विचारलं तो सोमवार. मंगळवार एक, बुधवार दोन. शनिवारपर्यंत पाच. रविवार सोडला. सोमवार सहा. आज शुक्रवार, दहा. काँग्रेस काही सुटीवर गेलेली नव्हती. कौमुदी आणि निहार रोज संध्याकाळी याच टेबलाशी बसलेले होते. हा काही अमेरिकेचा कारभार नव्हे, हे घर आहे, असं सरांनी स्वतःला बजावलं. पण मग हे घर कुठल्या घटनेवर चालतं, हे त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं ते वसुधावर चालत होतं.

लतिका गेल्या गेल्या त्यांनी निहारला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोललं तर चालेल? काही अर्जंट आहे का?"

"नाही," सर म्हणाले.

जन्मभर जो शब्द तोंडातून निघाला नाही तो नेमका इथे, नको तिथे, चटकन निघाला. याला काय म्हणावं? सरांनी फोन टेबलावर ठेवला. मग त्यांनी तीन डब्यांसमोर उभं राहून वाक्य पाठ केलं. मला कराडची जागा सोडायची नाही. दुपारभर घोकलं. चार शब्द इकडचे तिकडे करून पाहिले. साडेचारला ईप्सिता आली, तिला आज "शाळेत काय झालं" हे विचारायचंही राहून गेलं. तिने दप्तर टाकलं, त्यांच्याकडे जरा बघितलं, आणि आज न विचारताच "निश्त्स" म्हणून आत गेली.

पण संध्याकाळी आधी कौमुदी आली, आणि कोट काढता काढता तिने सांगितलं, "बाबा, सिद्धांतचा मेसेज बघितलात का? सामान बांधायला घेतलंय त्याने. नाईककाकांनी रंगाऱ्यालाही सांगून ठेवलंय म्हणे. झालं एकदाचं मार्गी."

मागोमाग निहार आला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू कळवलंस त्यांना?"

"हो, दुसऱ्याच दिवशी. तुम्ही काही म्हणाला नाहीत ना. आल्झो, म्हणजे, त्यांनाही तयारी करायची होती, उगीच ताटकळत कशाला ठेवायचं."

म्हणजे दहा दिवससुद्धा मिळाले नव्हते. सर जेवायला बसलेच नाहीत. भूक नाही म्हणाले, पाणी भरून घेतलं आणि खोलीत गेले. बाहेर कौमुदी निहारला म्हणाली, "दमलेत आज. लतिका जास्त वेळ बसली असेल."

आता तरी माणसाने बोलावं की नाही? नाही बोलले. शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारी लतिका शेवटची उजळणी करून गेली आणि तिच्या शंभर उत्तरांपैकी अठ्ठ्याण्णव बरोबर आली. गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

"काका, सहा विचारले, सहाही बरोबर, पुढचे विचारलेच नाहीत. कोणी एक डोईजड होऊ नये म्हणून काय असतं, हे विचारलं होतं. मला तुमची झाकणं आठवली आणि मला तिथेच हसू आलं. ऑफिसर बघतच राहिला."

"शाब्बास," सर म्हणाले. "शाब्बास, लतिका."

"मंगळवारी यायचं होतं हो, पण आता पॅकिंग काढलंय. निघायच्या आधी नक्की येऊन जाईन."

"ये की. कधीही ये."

शुक्रवारी सकाळी दहाला सरांनी दोन कप काढले आणि एक परत ठेवला. ते फार एकटे पडले होते आणि आता त्यांना ते स्वतःपासून लपवताही येईना. वसुधा गेली तेव्हा लोक येऊन बसत होते, रडायला तरी माणसं होती. इथे रडायला काही निमित्तच नव्हतं. सगळे चांगले वागत होते.

मग तो रविवार आला. कौमुदी ईप्सिताला घेऊन कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली होती. जर्मन रविवार तो, दुकानं बंद, रस्ता सामसूम, वरच्या मजल्यावर कोणी खुर्चीदेखील सरकवत नव्हतं. निहार भांडी पुसत होता आणि सर टेबलाशी बसले होते, तेव्हा सिद्धांतचा व्हिडिओ कॉल आला. निहारने फोन सरांपुढे धरला.

कराडची बाहेरची खोली पडद्यावर आली. रिकामी. भिंतीवर जिथे घड्याळ होतं तिथे रंग कमी मळलेला होता. कोपऱ्यात काही गाठोडी, आणि शेजारी वसुधाचं पायाने चालवायचं शिवणाचं मशीन, लाकडी झाकण घातलेलं.

"काका, बाकी सगळं आवरलं," सिद्धांत म्हणाला. "काकूंचं मशीन तेवढं राहिलंय. शेजारच्या वहिनी मागतायत, त्यांना देऊ का?"

"देऊन टाकू ना, बाबा?" निहार म्हणाला. "इथे तर आणता येणार नाही."

सरांचा हात समोरच्या पेल्याकडे गेला. पेला रिकामा होता. नळ चार पावलांवर होता आणि खोली सात. त्यांनी पेला हातात धरला, जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि परत टेबलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

आवाज जरा मोठाच निघाला.

"द्यायचं नाही. सिद्धांत, ते तुझ्याकडे नेऊन ठेव. आणि माझ्यासाठी एक खोली बघ. लहान चालेल, जिना नको. मी मार्चमध्ये येतोय."

"हो काका," सिद्धांत म्हणाला, आणि शहाणा मुलगा, त्याने फोन ठेवून दिला.

निहार फडकं हातात धरून उभा होता. "बाबा, हे काय? मी विचारलं होतं की तुम्हाला. तेव्हाच 'नाही' का नाही म्हणालात?"

"म्हणालो होतो. पाणी घेऊन उठलो होतो मी."

"पाणी घेऊन?"

"तुझ्या आईला कळलं असतं."

बारावीतली मोटरसायकल निहारला आठवली असावी, कारण त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "आईच सांगायची नेहमी," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही तिला आत जाऊन सांगता."

"मी काही सांगायचो नाही. तिला कळायचं."

"पण एकटे कसे राहणार तुम्ही तिथे?"

"इथेही एकटाच आहे," सर म्हणाले. "तुम्ही सगळे सकाळीच जाता. मंगळवार-शुक्रवार ती मुलगी यायची, तीही चालली. तिथे निदान भाजीवाल्याशी तरी बोलेन."

हे बोलायला ते दुपारभर घोकत बसले नव्हते. आपोआप आलं. निहारने फडकं खांद्यावर टाकलं, वळला, कपाटातून दुसरा पेला काढला, नळ सोडला आणि पाठमोरा उभा राहून पाणी भरायला लागला. पेला भरला, वाहायला लागला, तरी नळ बंद होईना.

सर बघत राहिले. ती पाठ त्यांच्या ओळखीची होती. मान किती खाली, खांदे कसे वर ओढलेले, सगळं तेच. बाहेरून ते असं दिसतं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि वसुधाला त्रेचाळीस वर्षं काय बघावं लागलं तेही.

"निहार," ते म्हणाले. "तू काहीतरी नाही म्हणतोयस. मला तुझ्या आईसारखं वाचता येत नाही. तोंडाने सांग."

नळ बंद झाला.

"नका जाऊ," निहार पाठमोराच म्हणाला. "संध्याकाळी बसमधून उतरलो की मी खालून आधी तुमच्या खिडकीकडे बघतो. दिवा असतो. मग वर येतो. मला इथे दुसरं कोणी नाहीये, बाबा. कौमुदी आहे, ईप्सिता आहे, तसं नाही. पण मी कोणाचा तरी आहे असं तो दिवा बघूनच वाटतं. कौमुदीलाही कधी सांगितलं नाही मी हे."

आठ महिने. आठ महिने हा मुलगा रोज संध्याकाळी "आलो" एवढंच म्हणून लॅपटॉप उघडत होता, आणि आठ महिने बाप आपल्या खोलीत दिवा लावून बसत होता, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपली काही गरज नाही. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"आठ महिन्यांत एकदा तरी सांगायचंस रे."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

मार्चमध्ये न जायचं वचन द्यावं, असं सरांना फार वाटलं. जिभेवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं आणि आज त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

"मी जाणार आहे," ते म्हणाले. "तिच्या वस्तू मला माझ्या हाताने लावायच्या आहेत. मला न विचारता त्या बांधल्या गेल्या. चूक तुझी नाही, पण मला ते लागलंय."

"परत याल?"

"माहीत नाही. कळलं की तुला फोन करून सांगेन, शब्दांत. आणि मी गप्प बसलो तर त्याचा हो असाही अर्थ लावू नकोस आणि नाही असाही नको. पुन्हा विचार."

निहारने मान हलवली. मग ते पुरेसं नाही असं वाटून तो म्हणाला, "विचारेन."

तो भरलेला पेला घेऊन आला, सरांपुढे ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसला. बाहेर आभाळात तळाकडे उतरणारं एक विमान घरघरत गेलं. सरांनी पेला उचलला, आणि ते पाणी तिथेच, मुलासमोर बसून प्यायले.